सटोडियाची जोखीम आणि पगारदाराचा पैसा

शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी' या मंडळाने जुलै २०२५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात वायदे आणि ऑप्शन यांच्या बाजारात व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींमागे एक्याण्णव जणांना तोटा झाला, आणि या सर्वांचा मिळून निव्वळ तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये भरला, असे तीत म्हटले आहे. आदल्या वर्षी हाच आकडा ७४ हजार ८१२ कोटी होता. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये याच मंडळाने तीन वर्षांचा हिशेब मांडला होता. एक कोटीहून अधिक लोकांपैकी त्र्याण्णव टक्के तोट्यात होते, आणि खर्च वजा जाता एक लाख रुपयांपेक्षा अधिक नफा हाती लागलेले लोक शेकडा एकच होते. या मंडळींपैकी तीन-चतुर्थांश लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे नोंदवलेले होते, आणि २०२३-२४ मध्ये त्यांतले त्रेचाळीस टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे हा पैसा शेठसावकारांचा नव्हे. तो पगारदारांचा, छोट्या दुकानदारांचा, नुकत्याच नोकरीला लागलेल्या आणि कित्येकदा अद्याप न लागलेल्या तरुणांचा आहे. एका वर्षात एक लाख कोटी रुपये ज्या वर्गाच्या खिशातून गेले, तो बव्हंशी आपलाच वर्ग आहे.

अशा वेळी 'लोभ वाईट' एवढे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु लोभ हे उत्तर पुरेसे नाही. ज्यांचा उदरनिर्वाहच या बाजारावर चालतो, तेही पैशासाठीच तेथे उभे असतात. तरी त्यांच्यातले पुष्कळजण वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि हौशी मनुष्य सहा महिन्यांत साफ होतो. दोघांच्या लोभात फारसा फरक नाही. फरक आहे तो जोखमीकडे पाहण्याच्या दृष्टीत, आणि ती दृष्टी कोठून येते हे समजून घेतल्यावाचून वरच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

मुंबईला हा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुराने बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्या कंपन्यांच्या शेअरांवर मुदतीचे सौदे सुरू झाले. बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या आसपास गेला. या साऱ्या उलाढालीचा नायक होता प्रेमचंद रायचंद. त्याने मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा आजही घड्याळाचे ठोके देत आहे. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सैन्य शरण गेले, युद्ध संपले, कापूस कोसळला. मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाचे होते. त्या दिवशी शेअर विकणाऱ्याला घेणारा पैसे देऊ शकला नाही, कारण त्याला जो देणार होता तोही बुडालेला होता. प्रेमचंदची पेढी बुडाली. शेअर तारण ठेवून मुक्तहस्ताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही वाचली नाही. १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला. सर दिनशा वाच्छांनी या प्रकरणावर १९१० साली एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते आजच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरूर चाळावे.

या कथेतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, १८६५ ची मंडळी काही भोळीभाबडी नव्हती. त्यांत मुरलेले व्यापारी होते, वकील होते, सरकारी अधिकारी होते. भाव पडू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. सौदा करताना कोणी अनामत ठेवत नव्हते, रोजच्या रोज नफातोट्याची फेड होत नव्हती, आणि सगळा हिशेब एका तारखेवर ढकललेला होता. तोटा दिसत नव्हता, म्हणून तो नाही असे मानले गेले. आजच्या बाजारात ही त्रुटी भरून काढलेली आहे. प्रत्येक सौद्यावर अनामत रक्कम, ज्याला मार्जिन म्हणतात ती, आधी भरावी लागते, वायद्यांचा नफातोटा रोज वळता केला जातो, आणि विकणारा व घेणारा यांच्यामध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही संस्था जामीन म्हणून उभी असते. एकाच्या बुडण्याने दुसरा बुडू नये अशी ही व्यवस्था आहे. मात्र येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. या व्यवस्थेने रक्षण होते ते बाजाराचे. तुमच्या खात्यातील अनामत कमी पडली की दलाल तुमचा सौदा तुम्हाला न विचारता मोडून टाकू शकतो. त्यात बाजार सुरक्षित राहतो, तुम्ही मात्र गेलेले असता.

आता ज्यांना व्यापारी म्हणता येईल अशा माणसांकडे वळू. मुंबई शेअरबाजाराच्या वर्तुळात १९९५ पर्यंत ओरडून आणि हाताच्या खुणांनी सौदे होत. त्या गर्दीत एक वर्ग होता, त्याला 'तारवणीवाला' म्हणत. एखाद-दुसऱ्या कंपनीचे शेअर हा त्याचा प्रांत. तो एकाच वेळी दोन भाव सांगे, घेण्याचा आणि विकण्याचा, आणि त्या दोहोंतला थोडासा फरक ही त्याची कमाई. कंपनी पुढील पाच वर्षांत किती वाढेल याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. कोणी घाईने विकावयास आला तर घेणे, कोणी घाईने घ्यावयास आला तर देणे, आणि संध्याकाळपर्यंत अंगावर शक्य तितका कमी माल ठेवून घरी जाणे, हा त्याचा धर्म. रात्री अंगावर माल राहिला तर झोप उडते, हे त्याच्या जोखीम-व्यवस्थापनाचे मुख्य सूत्र. त्याची प्रेरणा काय, असे विचारले तर ती किराणा दुकानदाराची प्रेरणा होती: थोडक्या नफ्यावर पुष्कळ उलाढाल. दुकानदार एकाच पोत्यात सारे भांडवल घालत नाही, तसा तोही घालत नसे.

दुसरा वर्ग ज्याच्यापाशी जोखीम आधीपासूनच असते त्याचा. सहा महिन्यांनी कापूस लागणारा गिरणीमालक आज भाव बांधून घेतो, किंवा डॉलरमध्ये येणे असलेला निर्यातदार रुपयाचा भाव आजच ठरवतो. बाजारात त्याला नफा नको असतो, निश्चिंती हवी असते. त्याने टाकलेले ओझे उचलावयाला कोणीतरी लागतो, आणि तो उचलणारा म्हणजे सटोडिया. सटोडियाला शिव्या देणाऱ्यांनी हे एक लक्षात ठेवावे की, तो नसता तर हे ओझे व्यापाऱ्याच्या, आणि अखेर शेतकऱ्याच्या डोक्यावरच राहिले असते. अर्थात आज ऑप्शनच्या बाजारात जे चालते, त्यातला फार मोठा भाग कोणाच्याही ओझ्याशी संबंधित नसतो, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या व बंद भावांवर लोक पैसे लावीत. पुढे ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरू लागले आणि मटका जन्मास आला. कापूस गेला तरी पैजा लावणाऱ्यांचे काही अडले नाही. यावरून त्या पैजांचा कापसाशी कितपत संबंध होता ते दिसतेच.

मग तिसरा वर्ग उरतो, आणि तोच आपल्या चिंतेचा विषय आहे. कार्यालयातल्या दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मोबाईलच्या पडद्यावर निफ्टीचे आकडे पाहणारा हा गृहस्थ तेथे कशासाठी येतो? पैशासाठी येतो हे उघड आहे. पण पैशासाठीच राहतो, असे म्हणवत नाही. सेबीच्याच २०२४ च्या पाहणीत, लागोपाठ तोटा होऊनही पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोक बाजारात परतत राहिले असे आढळले. केवळ पैशाचा हिशेब करणारा मनुष्य असे वागत नाही. आमच्या मते येथे आणखी दोन गोष्टी काम करतात. एक, आपण बरोबर ठरण्याचे सुख. दिवसभर साहेबाच्या टिप्पणीवर टिप्पणी लिहिणाऱ्याला किंवा ठरलेला अभ्यासक्रम ठरलेल्या तासाला शिकवणाऱ्याला स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊन त्याचा निकाल पाच मिनिटांत पाहण्याची संधी आयुष्यात दुसरी कोठे मिळते? दुसरी गोष्ट म्हणजे शरीराची. इंग्लंडमधील जॉन कोट्स हे पूर्वी स्वतः बाजारात व्यवहार करीत, नंतर संशोधनाकडे वळले. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लंडनमधील सतरा पुरुष व्यापाऱ्यांच्या लाळेचे नमुने तपासून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या दिवशी सकाळी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक चढलेले, त्या दिवशी त्यांचा नफा सरासरीहून अधिक असे. आणि बाजार जितका अस्थिर, तितके कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढे. नमुना लहान आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण लंडनच्या कसलेल्या व्यापाऱ्याच्या रक्तात जे चढउतार होतात, ते आपल्या कारकुनाच्या रक्तात होत नसतील असे समजण्याचे कारण नाही.

याहून महत्त्वाचा शोध मानसशास्त्रज्ञांचा आहे. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली असे दाखवून दिले की, हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार रुपये गेल्याचे दुःख माणसाला बरेच अधिक जाणवते. त्यातून एक विचित्र वर्तन निपजते. नफा दिसू लागला की तो जाईल या भीतीने मनुष्य लगेच विकून मोकळा होतो. तोटा दिसू लागला की तो कबूल करण्याचे दुःख नको म्हणून 'येईल परत भाव' म्हणत बसून राहतो. अमेरिकेतील हर्ष शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या प्रवृत्तीचे वर्णन केले. टेरन्स ओडीन यांनी पुढे एका दलाली पेढीतील दहा हजार खाती तपासली, तेव्हा लोक नफ्यातले शेअर तोट्यातल्यांपेक्षा खरोखरच अधिक तत्परतेने विकतात असे दिसले. वाईट भाग पुढेच आहे. त्यांनी विकलेले शेअर पुढील वर्षभरात, त्यांनी जपून ठेवलेल्या शेअरांपेक्षा सरासरीने अधिक वाढले.

म्हणजे सामान्य माणसाचा नफा छोटा आणि तोटा मोठा असतो. कसलेल्या व्यापाऱ्याचे सारे शिक्षण हे या स्वभावाच्या उलट वागण्याचे शिक्षण असते. सौदा करण्यापूर्वीच, डोके थंड असताना, तो एक भाव ठरवतो; भाव तेथे आला की कारण न विचारता बाहेर पडावयाचे. याला 'स्टॉप लॉस' म्हणतात. ही काही फार मोठी विद्या नव्हे. कोणताही विद्यार्थी ती पाच मिनिटांत शिकेल, आणि पहिल्याच कसोटीच्या क्षणी मोडेल. तोटा ठरलेल्या रेषेला टेकतो, बोट बटणावर जाते, आणि मन म्हणते, आणखी दहा मिनिटे.

दुसरा नियम अंकगणिताचा आहे, आणि शिक्षक वाचकांना तो फळ्यावर मांडून दाखवता येईल. समजा, एक लाख रुपये भांडवल आहे. एका वेळी शिल्लक भांडवलाच्या दोन टक्क्यांहून अधिक तोटा सोसावयाचा नाही, असे ठरवले. लागोपाठ दहा वेळा हार झाली तरी हाती जवळजवळ ब्याऐंशी हजार उरतात. तोच मनुष्य दर वेळी वीस टक्के पणाला लावील, तर दहा पराभवांनंतर हाती पावणेअकरा हजारांच्या आत राहतात. दहा वेळा लागोपाठ कोण हरतो, असे कोणी म्हणेल. पण हजार वेळा नाणे फेकले तर कोठेतरी सलग आठ-नऊ काटे पडणे हे सर्वसाधारणच समजले जाते. आणि पन्नास टक्के भांडवल गमावलेल्याला मूळ पदावर येण्यासाठी पन्नास नव्हे, शंभर टक्के नफा करावा लागतो. शिकागोच्या बाजारातील रिचर्ड डेनिस यांनी १९८३ च्या सुमारास काही नवशिक्यांना हाताशी धरून व्यापारी बनवण्याचा प्रयोग केला. त्या प्रशिक्षणात कोणता माल घ्यावा यापेक्षा किती घ्यावा यालाच मोठे स्थान होते. हौशी मनुष्य विचारतो, यात किती मिळतील? व्यापारी विचारतो, यात किती जातील, आणि ते गेले तर उद्या सकाळी मला दुकान उघडता येईल का?

परंतु नियम ठाऊक असणे आणि पाळणे यांतले अंतर व्यापाऱ्यांनाही चुकलेले नाही. १७६२ साली स्थापन झालेली लंडनची बेरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली, ती निक लीसन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणामुळे. हा गृहस्थ मूळचा हिशेबखात्यातला कारकून. सिंगापूरला त्याला सौदे करण्याचेही अधिकार मिळाले आणि त्या सौद्यांची नोंद व फेड पाहणारे खातेही त्याच्याच हाताखाली राहिले. चुकांचे सौदे टाकण्यासाठी उघडलेल्या ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो आपला तोटा दडवू लागला. तोटा भरून काढण्यासाठी मोठा सौदा, तो चुकला म्हणून त्याहून मोठा. १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबे येथे भूकंप झाला, टोकिओचा बाजार घसरला, तरी त्याने खरेदी वाढवीतच नेली. अखेर ८२ कोटी ७० लाख पौंडांचा खड्डा पडला आणि दोनशे तेहतीस वर्षांची बँक एका पौंडाला विकली गेली. बँकेत काम केलेल्या वाचकांना यातली मेख सांगावयास नको. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे का असतात? रोखपाल प्रामाणिक नसतो म्हणून नव्हे; प्रामाणिक मनुष्यही एकटा असताना स्वतःची समजूत काढू शकतो म्हणून. मोठ्या पेढ्यांत सौदे करणारा वेगळा, जोखमीची मर्यादा ठरवणारा वेगळा आणि हिशेब जुळवणारा तिसराच असतो. मर्यादा ओलांडली की व्यापाऱ्याचे सौदे वरिष्ठ मोडायला लावतात. आपल्या दुपारच्या सुट्टीतल्या गृहस्थापाशी यांतले कोणीच नसते. सौदा करणारा तोच, मर्यादा ठरवणारा तोच, आणि तोटा दडवण्याचे ८८८८८ क्रमांकाचे खाते त्याच्या मनातच उघडलेले असते. घरातही पुष्कळदा कोणाला ठाऊक नसते.

मग या लाख कोटींचे होते काय? ते हवेत विरत नाहीत. २०२३-२४ मध्ये व्यक्तींना खर्च धरण्यापूर्वीच एकसष्ट हजार कोटींहून अधिक तोटा झाला. त्याच वर्षी दलाली पेढ्यांनी स्वतःच्या पैशावर केलेल्या व्यवहारांत सुमारे तेहतीस हजार कोटी आणि विदेशी गुंतवणूक संस्थांनी अठ्ठावीस हजार कोटी मिळवले. बेरीज वाचकांनी करून पाहावी. या संस्थांच्या नफ्यापैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक नफा संगणकाला नियम शिकवून केलेल्या, मानवी हात न लागणाऱ्या व्यवहारांतून आला. यावर दलाली, कर आणि बाजाराचे शुल्क वेगळे. जुना तारवणीवाला गेला, पण त्याचे काम यंत्राने उचलले आहे. तेच थोडक्या फरकावर पुष्कळ उलाढाल करणे आणि अंगावर माल न ठेवणे. फक्त त्याला भूक लागत नाही, राग येत नाही आणि आदल्या दिवशीचा तोटा आठवत नाही.

ऑप्शनचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. ऑप्शन विकणारा हा विमा कंपनीसारखा असतो. त्याला थोडा प्रीमियम नक्की मिळतो आणि कधीतरी मोठी भरपाई द्यावी लागते, म्हणून तो आपली जोखीम दुसऱ्या सौद्याने झाकून घेतो. घेणारा थोडे पैसे देऊन मोठ्या लाभाची आशा विकत घेतो. स्वतःपाशी झाकण्यासारखी जोखीम असेल तर ही खरेदी शहाणपणाची आहे. ज्याच्यापाशी घरच नाही त्याने आगीचा विमा दर आठवड्याला घेत राहणे हे मात्र लॉटरीच्या तिकिटासारखे होते. मुदत संपण्याच्या दिवशी हे ऑप्शन काही रुपयांना मिळतात, आणि लहान भांडवलवाल्यांची गर्दी नेमकी त्या दिवशी होते. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक बाजाराला आठवड्याच्या मुदतीचा एकच निर्देशांक ठेवण्याची मुभा दिली आणि सौद्याचा किमान आकार पंधरा लाखांवर नेला, तो याच कारणासाठी. यामुळे लहान माणसाचे बाजारात येणे महाग झाले, अशी तक्रार झाली. तक्रार खरी आहे. तोच तर हेतू होता. मात्र सौद्याचा आकार मोठा झाल्याने, जो तरीही येईल त्याचा एका सौद्यातला धोकाही वाढतो, या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

केंद्र सरकारच्या सेवकांसाठी १९६४ सालचे वर्तणूक नियम आहेत. त्यातील सोळाव्या नियमानुसार सरकारी नोकराने शेअरमध्ये सट्टा करावयाचा नाही, आणि वारंवार केलेली खरेदी-विक्री हा सट्टाच समजला जाईल. प्रसंगोपात्त गुंतवणुकीला त्यात आडकाठी नाही. हा नियम लिहिला गेला तेव्हा सौदा करावयाचा तर दलालाच्या पेढीवर जावे लागे किंवा दूरध्वनी करावा लागे. आता कार्यालयाच्या टेबलाखाली, डाव्या हाताने, तो होतो. नियम रद्द झालेला नाही. तो किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

जुलै २०२३ पासून सेबीने दलालांना एक सक्ती केली आहे. ग्राहक वायदे व ऑप्शनचे व्यवहार करण्यासाठी आपल्या खात्यात शिरू लागला की पडद्यावर आधी एक सूचना यावी: दहांपैकी नऊ व्यक्तींना या व्यवहारांत तोटा झालेला आहे. ती वाचल्याची खूण केल्यावाचून पुढचे पान उघडत नाही. रोज सकाळी बाजार उघडण्याच्या सुमारास लाखो लोक ती खूण करतात आणि पुढे जातात.